अंगठा, बीपी आणि जुनी रोजकीर्द

पंचवटीतल्या एका पतसंस्थेत मी २६ वर्षं रोखपाल आहे. संध्याकाळी पेटीतली रोकड आणि रोजकीर्दीतला आकडा जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून मागच्या डिसेंबरात तपासणीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा तोही मी ओळ न् ओळ वाचला. साखर ठीक, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन ०.८, कोलेस्टेरॉल काठावर. युरिक ॲसिड ६.४ आणि त्याच्यापुढे वर तोंड केलेला एक छोटा बाण. बायकांना साधारण ६ पर्यंत सूट असते, पुरुषांना ७ च्या आसपास, हे शेजारच्या रकान्यात छापलेलंच होतं.

डॉक्टर मॅडमचं लक्ष बाणाकडे नव्हतं, बीपीकडे होतं. १५८/९६. आठवड्याने पुन्हा मोजलं, १५४/९४. वय ५३, आईला बीपी होतं, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. गोळी सुरू झाली. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड साडेबारा मिलिग्रॅम, दोन औषधं एकाच गोळीत. "सकाळीच घ्या, लघवीला जरा जास्त होईल." मी बाणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, सांधा दुखत नाही, मुतखडा नाही, मग नुसत्या आकड्याला औषध द्यायचं नसतं. माझं काही समाधान झालं नाही. पेटीत जास्तीची नोट निघाली तर ती कुणाची ते शोधायला नको का?

फेब्रुवारीत बीपी १३२/८४ वर आलं आणि मी बाण विसरले.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, पिंपळगावकडच्या एका लॉन्सवर. ऊन असं की दुपारी मांडवाच्या खांबाला हात लावता येईना. तीन दिवस पाहुणे, हळद, मेंदी, रोज जेवणात आमरस. पुरुषांना कळणार नाही अशी एक गोष्ट सांगते. अशा ठिकाणी बायकांच्या बाथरूमसमोरची रांग आणि आतली अवस्था बघून आम्ही पाणीच कमी पितो. त्यात मी सकाळी लघवीची गोळी घेतलेली. म्हणजे शरीरातलं पाणी एका दाराने काढत होते आणि दुसऱ्या दाराने आत येऊ देत नव्हते.

हिरावाडीत घरी परतलो त्याच रात्री, पावणेतीनला, उजव्या पायाच्या अंगठ्याने मला उठवलं. आधी वाटलं पलंगाच्या कडेला आपटला असेल. दिवा लावून बघते तो अंगठ्याच्या मुळाशी लालभडक गोळा, गरम, कातडी चकचकीत ताणलेली. यांनी बॅटरी आणून पलंगाखाली विंचू शोधला. सूज शेजारच्या बोटाकडे सरकायला लागली तशी जोडवी रुतायला लागली. शेवटी साबण लावून यांनीच ती काढली. लग्नानंतर २९ वर्षांत पहिल्यांदा पायातून जोडवी निघाली आणि मी रडले. दुखण्याने की जोडव्याने, ते मलाही सांगता यायचं नाही.

पुढचा मूर्खपणा सगळा माझा. रविवार होता, मॅडमचा दवाखाना बंद. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून हे दुखण्यावरची गोळी, एटोरिकॉक्सिब ९०, घेऊन आले. बीपीची गोळी चालू आहे हे यांनी सांगितलं नाही, दुकानदाराने विचारलं नाही. गोळीने कमाल केली, चोवीस तासांत मी भिंतीला धरून चालायला लागले. तीन दिवसांनी बंद केली तर पुन्हा ठणका. मग आख्खी पट्टी आणली. एकूण तेरा दिवस घेतली.

मधे एका जवळच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे युरिक ॲसिड केलं, ५.८ आलं. "गाऊट नाही, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा आजार नाही. तो दारू-मटणवाल्यांचा आजार. तुम्ही शाकाहारी, त्यात बाई." कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. मला बरंच वाटलं. वाइनचं गाव म्हणून नाशिकचं नाव असलं तरी आमच्या घरात द्राक्षं फक्त घडाने येतात.

जाऊबाईंना मात्र त्या ५.८ चं काही पडलं नव्हतं. त्यांच्या भावाला हेच झालं होतं आणि भावाच्या डॉक्टरने म्हणे सांगितलं होतं: डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक, मटार, फ्लॉवर बंद, दही बंद. त्यांनी फोनवर यादी सांगितली, यांनी लिहून फ्रिजवर चिकटवली. मग मी खात काय होते? भाकरी, ठेचा, लोणचं आणि पापड. दहा-बारा दिवस. मिठाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण मीठ यादीत नव्हतं.

जून उजाडता उजाडता पतसंस्थेत सभासदांसाठी तपासणी शिबिर होतं. मी टोकन वाटत होते. शेवटी सिस्टर म्हणाल्या, ताई, तुमचंही बघू. १७२/१०२. दुसऱ्या हाताने, पाच मिनिटं बसवून, पुन्हा १६८/१००. "गोळी घेत नाही का?" एक दिवसही चुकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, घरात जी जी पट्टी चालू आहे ती पिशवीत घालून आणा. मी टेबलावर मांडल्या. बीपीची, दुखण्याची, कॅल्शियमची. मॅडमनी पहिल्या दोन उचलल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "या दोन्ही एकत्र किती दिवस?"

त्या ओरडल्या नाहीत, पण आवाज खाली गेला. दुखण्याच्या या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतात, बीपी चढवतात. ज्याचं बीपी ताब्यात नाही त्याला एटोरिकॉक्सिब द्यायचंच नसतं. आणि बीपीपेक्षा त्यांना मूत्रपिंडाची काळजी होती. कागदावर त्यांनी धरण काढलं. नाशिककराला समजावायचं तर गंगापूर धरणच. लघवीच्या गोळीने धरणातलं पाणीच कमी केलं. दुखण्याच्या गोळीने आत येणारी चावी आवळली. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी चावी सैल केली. आता मधल्या गाळणीला दाब कुठून मिळणार? यातली कुठलीही एक गोष्ट निभावून नेता येते. तिन्ही एकदम, वर उन्हाळा, वर पाणी कमी, हे डॉक्टर मंडळी घाबरतात असं त्रिकूट आहे.

रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट. क्रिएटिनिन १.३. युरिक ॲसिड ८.१.

"पण मधे ५.८ होतं," मी म्हटलं. फरक सापडल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. त्यावर कळलं ते असं. ऐन झटक्यात युरिक ॲसिड पुष्कळांचं खाली उतरतं, नॉर्मलही दिसतं. त्या दिवशीच्या आकड्यावरून गाऊट नाही म्हणणं चूक. दुखणं निवल्यावर दोनेक आठवड्यांनी करायची तपासणी खरी. पक्का पुरावा हवा तर सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक बघतात. माझ्या बाबतीत मध्यरात्र, अंगठ्याचं मूळ, एका रात्रीत सूज आणि लघवीची गोळी, एवढ्यावर मॅडमना खात्री होती. बाईला होत नाही, हे अर्धंच खरं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत संपते.

आणि लघवीची गोळी? हायड्रोक्लोरोथायझाइडने मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणं कमी होतं. शरीरात तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यावाटे. मोठा दरवाजाच अर्धा लोटला गेला. म्हणजे बीपी उतरवायला घेतलेल्या औषधाने युरिक ॲसिड चढवलं, त्याने अंगठा पेटला, अंगठ्यासाठी घेतलेल्या औषधाने बीपी चढवलं. ज्या खात्यात भरणा केला असं मी समजत होते, त्याच खात्यातून पैसे जात होते.

मॅडमनी स्वतःहून सांगितलं, डिसेंबरात ६.४ दिसत असताना मी दुसरी गोळी निवडायला हवी होती. हे वाक्य ऐकायला मी पतसंस्थेत २६ वर्षं थांबले आहे. कोणी म्हणत नाही.

दोन्ही पट्ट्या बंद झाल्या. बदली लोसार्टन ५० आणि ॲम्लोडिपिन ५. लोसार्टन घेण्याचं कारण मला फार आवडलं. टेल्मिसार्टनच्याच घराण्यातली ही गोळी, पण तिच्यात एक वेगळा गुण आहे. मूत्रपिंडात युरिक ॲसिड रक्तात परत ओढून घेणारं जे दार असतं ते ती काहीसं अडवते, त्यामुळे बीपीबरोबर युरिक ॲसिडही थोडं उतरतं. अंगठ्यातला उरलेला ठणका जायला कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅम, दिवसाला एकच, कारण क्रिएटिनिन वाढलेलं. तेवढ्यानेही पोट बिघडलं. चार दिवसांत बंद केली, ठणकाही गेला.

आता मधला विषय, युरिक ॲसिड आणि बीपी यांचा संबंध, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले.

मुलगा पुण्याला असतो. त्याने वाचायला सुरुवात केली आणि रात्री फोन. "आई, युरिक ॲसिडमुळेच बीपी होतं. २००८ मध्ये अमेरिकेत नुकतंच बीपी निघालेल्या ३० किशोरवयीन मुलांना चार आठवडे ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवणारी गोळी, आणि चार आठवडे खोटी गोळी दिली. खऱ्या गोळीवर ३० पैकी २० जणांचं बीपी नॉर्मल झालं, खोटीवर एकाचं. तू ॲलोप्युरिनॉल माग." त्याने आणखीही एक सांगितलं, ते मला त्या अभ्यासापेक्षा लक्षात राहिलं. १८७९ मध्येच लंडनच्या एका डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की बीपी वाढलेल्या पुष्कळ माणसांच्या घराण्यात गाऊट असतो. नाव फ्रेडरिक अकबर मोहमद. याचे आजोबा म्हणजे पाटण्याहून गेलेले दीन मोहमद, ज्यांनी १८१० मध्ये लंडनला पहिलं हिंदुस्थानी खाणावळ-कॉफीगृह काढलं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र १८९६ मधलं. या नातवाने त्याच्या आधीच, मनगटावरची नाडी कागदावर उमटवणारं यंत्र सुधारून, दाब ओळखला होता. पस्तिशीत गेला बिचारा.

मी तयारीनिशी मॅडमकडे गेले. उंदरांचंही सांगितलं. उंदराच्या शरीरात युरिक ॲसिड मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते माणसाने उत्क्रांतीत केव्हाच गमावलं. २००१ च्या सुमारास उंदरांमध्ये ते विकर औषधाने बंद पाडलं, तर त्यांचं बीपी चढलं. मग मला ॲलोप्युरिनॉल का नको?

मॅडम हसल्या. म्हणाल्या, मुलाने अर्धाच वाचलं. ती मुलं होती, बीपी नवं होतं. मोठ्यांवर प्रयोग झाले तेव्हा चित्र असं स्वच्छ आलं नाही. २०२१ मध्ये १८ ते ४० वयाच्या सुमारे शंभर जणांवर तसाच प्रयोग झाला. युरिक ॲसिड उतरलं, बीपी होतं तिथेच. २०२२ मध्ये ब्रिटनमधला ५,७२१ हृदयरुग्णांचा मोठा अभ्यास आला, सगळे साठीपुढचे. ॲलोप्युरिनॉल घेणारे आणि न घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू यांत फरक दिसला नाही.

"मग संबंध आहे की नाही?"

"संबंध आहे. हिशोब कुठल्या बाजूने लिहायचा, तो वाद आहे." त्यांनी माझी भाषा उचलली. युरिक ॲसिड जास्त असलेल्यांना पुढे बीपी होण्याची शक्यता जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते जास्त झालं की रक्तवाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं आणि मूत्रपिंडातलं बीपी चढवणारं रेनिन चाळवतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. उलट बाजूने, बीपी बरीच वर्षं चढलेलं असलं की मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, रक्त कमी पोचतं, युरिक ॲसिड बाहेर पडत नाही. आणि तिसरा खातेदार पोट. पोटावर चरबी वाढली, इन्सुलिन जास्त फिरायला लागलं की मूत्रपिंड मीठही धरून ठेवतं आणि युरिक ॲसिडही. मग दोघंही एकत्र वाढतात, जरी एकाने दुसऱ्याला हात लावला नसला तरी. वर औषधांचं वेगळंच खातं. हृदयासाठी लहान मात्रेत रोज घेतात ते ॲस्पिरिनसुद्धा युरिक ॲसिड वाढवतं, हे मला तेव्हाच कळलं. यांना ते चालू आहे.

ॲलोप्युरिनॉल मला दिलं नाही. पहिलाच झटका, मुतखडा नाही, ९ च्या वर आकडा नाही, चढवणारी गोळी सापडून बंद झालेली. झटके पुन्हा यायला लागले तर १०० मिलिग्रॅमपासून सुरू करू आणि ६ च्या खाली आणू, असं ठरलं. सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके उलट वाढू शकतात आणि अंगावर पुरळ आलं तर गोळी त्याच क्षणी थांबवून फोन करायचा, हेही बजावून ठेवलं आहे.

मला दिलं ते घरी बीपी मोजायचं काम. दंडाचं यंत्र, मनगटाचं नको. चहानंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या खाली हवं, दवाखान्यातलं १४०/९० ते वेगळं. संगणक आल्यापासून आमच्याकडे छापील रोजकीर्दी पडून आहेत, त्यातली एक घरी आणली. जमेच्या बाजूला सकाळ, नावेच्या बाजूला संध्याकाळ. गप्प बसायची पाच मिनिटं सगळ्यात अवघड. हिरावाडीत सकाळी सात वाजता पाच मिनिटं कोणी गप्प बसून दाखवावं.

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.९, युरिक ॲसिड ६.९. तिथेच माझा जीव अर्धा भांड्यात पडला. बीपीची सरासरी १३८/८६.

ऑगस्टमध्ये एक घाबरवणारा प्रकार झाला. दोन्ही घोटे सुजले. मी अंगठा दाबून बघते, नखं बघते, दुखत तर नाही. तरी जोडवी काढून ठेवली, या वेळी आधीच. निघालं ॲम्लोडिपिन. त्या गोळीने घोट्याशी पाणी उतरतं पुष्कळांना. मात्रा अडीचवर आणली, लोसार्टन १०० केलं, सूज गेली.

फ्रिजवरची यादी मॅडमनी फोटोत बघितली आणि सरळ काढायला लावली. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढतो, दूधदुभतं खाणाऱ्यांत कमी होतो आणि प्युरिन (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं) जास्त असलेल्या भाज्यांनी वाढलेला दिसत नाही. ४७ हजारांहून जास्त लोकांना १२ वर्षं बघून २००४ मध्ये छापलेला हा निष्कर्ष आहे. सगळे पुरुष होते त्यात, एकही बाई नव्हती, हे मी लगेच नोंदवलं. पण वरण परत आलं, दही परत आलं, पालकाची भाजी परत आली. गेलं ते लोणचं, पापड, फरसाण. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. मिसळीबद्दल मी जिवावर उदार होऊन विचारलं. मटकीला हरकत नाही, म्हणाल्या, वरच्या शेव-फरसाणाला आणि दुसऱ्यांदा मागितलेल्या तर्रीला आहे. नाशिकात राहून शेव न घातलेली मिसळ मागितली की मालक चेहऱ्याकडे नीट बघतो. गोड थंड पेयांना मात्र साफ नाही. फळातली साखर, फ्रुक्टोज, यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. बाटलीत ती पाण्यासारखी पोटात जाते. आंबा एखादी फोड खा, वाट्यांनी रस नको.

वजन साडेचार किलो उतरलं आहे. गोल्फ क्लबच्या मैदानाला सकाळी चार फेऱ्या. नोव्हेंबरचा रिपोर्ट युरिक ॲसिड ६.२, क्रिएटिनिन ०.८, घरचं बीपी १२८/८०. ६.२ वर अजून तो बाण आहेच.

परवा संध्याकाळी मोजून झालं आणि पट्टा यांच्या दंडाला बांधला. ओझरला एचएएलमध्ये आयुष्य गेलं, विमानाचा दाबमापक म्हणे डोळे मिटून वाचतील. "मला काही होत नाही," म्हणत बसले. १५२/९४. पाच मिनिटांनी परत. १५०/९२.

"यंत्र बिघडलंय," म्हणाले.

मी रोजकीर्दीचं नवीन पान उघडलं आणि वर लिहिलं, खाते क्रमांक २.